सोळा नंबर

तळघरात ऊन येत नाही, पोती येतात.
निळी, तोंड आवळलेली,
प्रत्येकावर एका देशाचं नाव, मार्करने.
युरानी पोतं उपडं करते
आणि अर्धं मैदान फरशीवर सांडतं:
गवताची पाती, रबराचे काळे कण,
मोज्याच्या टाचेत विसरलेली केसांची पिन.
एकदा तर चौघडी घातलेलं एक गणित,
अर्धंच सोडवलेलं.
म्हणजे या पोरींना परीक्षाही असतात.

मेदेयीनला एवढे संघ उतरलेत,
मी एकही सामना पाहिलेला नाही.
स्टेडियम हॉटेलपासून सात चौक,
ड्रायर थांबलेले असले तर आवाज पोचतो.
पण कोण कुठल्या कुशीवर पडलं,
कुणाला मागून ओढलं,
ते मला समालोचकापेक्षा बरं कळतं.
एका संघाची दहा नंबर, तिची बाही रोज उसवते.
तिला कुणीतरी सोडत नाही.

बेटांचा तो देश युरानीने फोनवर शोधला.
समुद्र, समुद्र, आणि मधे
कुणी पेन झटकल्यासारखे चार ठिपके.
पहिल्या सामन्यात त्यांनी सात गोल खाल्ले,
दुसऱ्यात नऊ.
त्यांचं पोतं सगळ्यांत जड.
गोलरक्षकाची जर्सी दोनदा धुवावी लागते,
तिसऱ्यांदा मी धुते ते उगीच.

फक्त सोळा नंबर.
पाठीवर नाव, लेआउपेपे.
“पेपे!” युरानी हसली, “माझा मामा!”
तेव्हापासून ती आमची पेपे.
पेपेची जर्सी येते कोरी,
इस्त्रीची रेघसुद्धा जागच्या जागी.
गळा तेवढा ओला, चावलेला,
शिवणीवर दातांच्या खुणा
एकीला लागून एक,
नव्वद मिनिटांच्या.

ते बाक मला माहीत आहे.
सतराव्या वर्षी मी कापडगिरणीच्या फाटकाबाहेर
पत्र्याखाली बसायचे,
वेणीचं टोक चावत,
आतून नाव पुकारतील म्हणून.
चौथ्या महिन्यात पुकारलं.
दुसऱ्याच कुणाचं.
मी उठले.

तिसऱ्या सामन्याला मी ड्रायर बंदच ठेवले.
दोन्या नोरालबा जिन्यावरून ओरडल्या,
टॉवेल काय तोंडाने फुंकून वाळवणार?
मी म्हटलं, वायरला वास येतोय.
आवाज उसळला, बसला.
असं पाच वेळा.
मग अगदी शेवटी एक निराळा,
तापल्या भांड्यात मक्याचे दाणे
एकेक करत फुटावेत तशा टाळ्या.
गोलाच्या नव्हत्या त्या.

रात्री पोतं आलं.
मी वरचं वरचं बाजूला सारत गेले.
सोळा तळाशी होती.
डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत हिरवा पट्टा,
कोपरापाशी चिखल,
आणि रक्ताचा एक थेंब,
नकाशातल्या त्यांच्या देशाएवढा.
गळा कोरडा.

युरानीने वरच्या वेटरकडून बातमी आणली:
शेवटची अकरा मिनिटं.
चेंडू रेषेवर पोचलेला, गोलरक्षक कुठल्या कुठे,
पेपेने आडवं होऊन तो बाहेर काढला.
तरी पाच-शून्य.
तरी घरी जायचंच.

आमच्या वहीत डागांना रकाने असतात:
गवत, रक्त, इतर.
मी थंड पाणी घेतलं, साबण घेतला.
काम ते काम,
पहाटे साडेचारला त्यांची बस.
रक्त गेलं.
चिखल गेला.
हिरवा काही हलेना
आणि खरं सांगायचं तर
मीही त्याच्या फार मागे लागले नाही.

घडी घातली, हिरवी बाजू वर.
मग दहा नंबरवालीचं पोतं ओढलं.
तिचा उद्या उपांत्यपूर्व सामना,
आणि आज
दोन्ही बाह्या उसवल्यात.